बोटामागं चारची घट

माझी बोटं काळी आहेत. नखंही. जन्मापासून नाहीत, गलाईच्या धंद्यात आल्यापासून. चांदी तेजाबात, म्हणजे ॲसिडात, विरघळली की जे पाणी होतं, ते हाताला लागतं तेव्हा काहीच दिसत नाही. दुसऱ्या दिवशी उन्हात गेलं की काळा डाग उमटतो. साबणानं जात नाही, लिंबानं जात नाही. ती कातडी झडेल तेव्हाच जातो, आणि तोवर दुसरा पडलेला असतो. आमच्या खानापूर तालुक्यातला गलाईवाला कलकत्त्यात असो की लखनौत, हात बघून ओळखू येतो.

हे आधी सांगतोय, कारण मी मरणाच्या दारातून परत आलो ती गोष्ट या बोटांपासून सुरू होते.

इथं लखनौच्या मराठी मंडळात रेल्वेतल्या एका साहेबांच्या बाई आहेत. त्या म्हणाल्या, "तुमच्या आजारपणाचं अंकासाठी लिहून द्या. कुणाच्या तरी उपयोगी पडेल." मी म्हटलं, बाई, माझी शाळा सातवीत सुटली. त्या म्हणाल्या, "मग सातवीपर्यंतचं तुम्ही लिहा, पुढचं मी बघते." तर शब्द त्यांनी सरळ केलेत. जी चूक सांगणार आहे ती सगळी माझी आहे.

घट कशाला म्हणतात

जुने दागिने मुशीत वितळवून शुद्ध सोनं काढायचं, हा आमचा धंदा. वितळवलं की वजन थोडं कमी भरतं. मळ जळतो, काही धुरात जातं. जे कमी भरलं ती घट. घट प्रत्येक वेळी होते आणि ती किती झाली हे गलाईवाल्यालाच माहीत असतं. गिऱ्हाईक आमच्या शब्दावर चालतं.

तेरा वर्षांचा असताना मला मामानं लखनौला आणलं. चौकातल्या त्याच्या दुकानात पहिल्याच आठवड्यात त्यानं सांगितलं, "तान्या, घट जेवढी झाली तेवढीच सांगायची. गुंजभर वाढवलीस की तू गलाईवाला राहिला न्हाईस, चोर झालास." मामा गेला. दुकान माझ्याकडं आलं. ते वाक्य मी पाळलं. तीस वर्षं पाळलं, आणि मग एका आठवड्यात मोडलं.

वास

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेचा एप्रिल होता. दुकान अर्धा दिवस चालू होतं. एका सकाळी मी तेजाबाची बाटली उघडली आणि नाकाला काहीच झोंबलं नाही. दुसरा कुणी असता तर तिथंच दचकला असता, कारण वास जातो हे तोवर सगळ्यांना माहीत झालं होतं. मी दचकलो नाही. तीस वर्षं धूर खाल्लेलं नाक आहे, मेलं असेल एकदाचं, असं म्हणून कामाला लागलो. दोन दिवस तसाच दुकानात बसलो. माणसं येत होती, जात होती. त्या दोन दिवसांचा विचार आजही करवत नाही.

तिसऱ्या दिवशी ताप आला. तपासणीला गेलो, मोठी रांग होती, नाकात काडी घालून घरी पाठवलं. रिपोर्ट यायला आणखी दिवस गेले. तो आरतीच्या मोबाइलवर आला. आरती माझी मुलगी, तेव्हा चौदाची. जन्म इथलाच. मराठी सगळं समजतं, बोलते मात्र हिंदी.

दारात उभी राहून म्हणाली, "पापा, पॉज़िटिव है।"

तिच्या मागून सुमन, माझी बायको, भाकरीच्या पिठाचे हात तसेच घेऊन आली. तिनं आरतीला खांद्याला धरून मागं ओढलं. पीठ तिच्या फ्रॉकला लागलं. आपल्याच लेकीला आपल्यापासून असं ओढून घेतलेलं बघणं, ताप त्यापुढं काही नव्हता.

आम्ही निशातगंजला वरच्या मजल्यावर दोन खोल्यांत राहतो. मागची खोली माझी झाली, पुढची त्या दोघींची. मधल्या दाराला साडी बांधली.

दोरीची टोपली

खाली घरमालक राहतात. आम्ही त्यांना चाचा म्हणतो. शाळेत गणित शिकवत होते, निवृत्त झाले. रमजान चालू होता, त्यांचा रोजा असायचा. त्यांनी अंगणातून हाक मारली, "ताना भाई, टोकरी लटकाइए।" सुमननं टोपली सोडली. वर आली तेव्हा तिच्यात थोडी मोसंबी होती आणि एक लहान डबी. डबीत बोटाला लावायचं ते ऑक्सिजनचं मशीन.

"ये मेरे पास फ़ालतू पड़ा है," चाचा खालून म्हणाले. फालतू, म्हणजे जास्तीचं, नव्हतं. त्या दिवसांत सगळ्या लखनौत ते मिळत नव्हतं. त्यांच्या स्वतःच्या दम्यासाठी आणलेलं होतं, हे मला फार नंतर कळलं.

आम्ही तिघांनी लावून बघितलं, मध्ये मध्ये स्पिरिटनं पुसून. आरतीचं नव्व्याण्णव. सुमनचं अठ्ठ्याण्णव. माझं चौऱ्याण्णव.

आता नीट लक्ष द्या, कारण चूक इथं झाली.

मोबाइलवर सरकारी सूचना आली होती. आरतीनं ती मोठ्यानं वाचली. चौऱ्याण्णवच्या खाली गेलं तर लगेच कळवा. आणि बोटाला मेहंदी, नेलपॉलिश असेल तर काढा, मशीन चुकीचं दाखवू शकतं.

मी माझ्या नखांकडं बघितलं. कोळशासारखी. म्हटलं, बरोबर आहे. मशीन उजेड पाडून बघतंय आणि माझ्या नखातून उजेड जाणार कसा? धडधाकट सुमनचं अठ्ठ्याण्णव, माझं चौऱ्याण्णव. मधले चार या काळ्या बोटानं खाल्ले. म्हणजे बोटामागं चारची घट. आकडा बघायचा आणि चार मिळवायचे.

हिशोब इतका चोख बसला की मला ताप असूनही बरं वाटलं. मी आजारी आहे आणि सुमन नाही, एवढी साधी गोष्ट त्या हिशोबात धरायचीच राहिली.

फोनवाली

घरी राहून उपचार घेणाऱ्यांना सरकारी केंद्रातून रोज एक फोन यायचा. एक मुलगी बोलायची. आवाजावरून विशीतली असेल. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. आम्ही तिला फोनवाली म्हणायचो.

"नमस्ते अंकल। बुख़ार? खाँसी? ऑक्सीजन कितना आया?"

"अट्ठानवे," मी म्हणालो.

"वाह अंकल, आप तो जवान हैं।"

हे खोटं आहे असं मला तेव्हा वाटलं नाही. घट धरून सांगितलं, एवढंच.

खरं सांगायचं तर मला तो हिशोब हवा होता. आमच्या गल्लीत शेजारच्या गावचा दत्तू होता, गलाईवालाच. आठवडाभर आधी त्याला गाडीतून नेलं होतं. तो चालत जाऊन गाडीत बसला होता. परत आला नाही. त्याच्या बायकोला फोनवर सांगितलं. गावाकडून कुणी येऊ शकलं नाही, इथलं कुणी जवळ जाऊ शकलं नाही. मी मनात ठरवलं होतं, काय व्हायचं ते या खोलीत होऊ दे. तिकडं गेलो तर सुमन आणि आरती या मुलखात दोघीच राहतील, आणि शेवटचं पाणी पाजायलासुद्धा ओळखीचं कुणी नसेल.

मग रोज आकडा उतरत गेला. ब्याण्णव. मी सांगितलं, छियानवे. नव्वद. मी सांगितलं, चौरानवे. सुमन साडीच्या पलीकडून विचारायची, "किती?" तिलाही मी घट धरूनच सांगायचो.

गावाकडनं आईचा फोन यायचा. तिला नुसता ताप आहे म्हणून सांगितलं होतं. एकदा म्हणाली, "तानाजी, तू धावत आल्यागत का बोलतुयास रं?"

"पाणी भरत होतो, आई."

"जाऊबाईचा पोर पण पाणीच भरत हुता," ती म्हणाली, आणि फोन ठेवला. त्या पोराचं काय झालं हे तिनंही सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

सत्त्याऐंशी

सहाव्या दिवशी दुपारी सत्त्याऐंशी आलं.

चार मिळवले तर एक्क्याण्णव होत होतं. म्हणजे रेषेच्या खाली. मी मशीन काढलं, बोट चोळलं, परत लावलं. सत्त्याऐंशी. दुसऱ्या हाताला लावलं. शहाऐंशी, सत्त्याऐंशी, शहाऐंशी.

आणि मग माझ्या मनानं जे केलं ते मी कुणाला सांगितलं नव्हतं, इथं पहिल्यांदा लिहितोय. मी स्वतःशी म्हटलं, माल मळका असला की घट जास्त होते. ताप चढलाय, अंग मळलंय. आज सात धरायला पाहिजे.

मामाचं वाक्य मला आठवलं नाही. आठवलं असतं तरी मी ऐकलं असतं का, माहीत नाही. भ्यालेला माणूस काहीही वाढवतो.

फोन आला. मी म्हणालो, "चौरानवे।"

रोज घाई असायची तिला, त्या दिवशी नव्हती. मग म्हणाली, "अंकल, आप एक-एक लफ़्ज़ पे रुक क्यों रहे हैं?"

"ज़ीना चढ़ के आया हूँ।"

"आप तो कमरे में बंद हैं, अंकल। ज़ीना कौन सा?"

"छत का," मी म्हटलं.

"आंटी को दीजिए फ़ोन।"

"खाना बना रही है," म्हणालो आणि फोन बंद केला. वाटलं, सुटलो.

पण तपासणीच्या फॉर्मवर आरतीचाही नंबर होता. दोन मिनिटांत पलीकडच्या खोलीत तो वाजला. आरती "जी दीदी, जी दीदी" म्हणताना ऐकू आलं. मग ती साडीजवळ आली. "पापा, दीदी कह रही हैं एक साँस में गिनती बोलिए। एक से तीस।"

"कशाला आता ते?"

"बोलिए ना, पापा।" तिचा आवाज फुटला होता.

मी सुरू केलं. एक, दोन, तीन. मुशी फुंकणारा माणूस मी, छाती भात्यासारखी होती माझी. अकराला थांबलो. परत केलं. नऊ.

साडी बाजूला झाली. सुमन आत आली. तोंडाला पदर गुंडाळलेला, नुसते डोळे दिसत होते. मी म्हटलं, "आत येऊ नको गं, पोरगी हाय बाहेर." तिनं ऐकलं नाही. मशीन उचललं आणि माझ्या बोटाला लावलं. शहाऐंशी.

"तुमी तर चौऱ्याण्णव सांगितलं."

"तसं न्हाई ते," मी म्हणालो. "बोटं काळी हायत ना माझी. बोटामागं चार-पाच धरायचे असतात. घट असती."

सुमन गलाईवाल्याची बायको आहे. घट म्हणजे काय हे तिला सांगावं लागत नाही. तिनं माझ्याकडं बघितलं. मग पलंगाच्या पायथ्याशी गेली, चादर वर केली.

"आवं, पायाला कुठं तेजाब लागतंय तुमच्या?"

माझा पाय गोरा आहे. नखं लालसर. तिनं अंगठ्याशेजारचं बोट धरलं आणि मशीन त्याला लावलं. मला आकडा दिसत नव्हता, तिलाच दिसत होता. मशीन लगेच आकडा देत नाही, आधी नुसत्या रेषा दाखवतं. खाली अंगणात चाचांचा नळ चालू होता, त्याचा आवाज येत होता.

"शहाऐंशी," ती म्हणाली. मग मशीन तसंच ठेवून म्हणाली, "आता ह्यात किती मिळवायचं, सांगा."

मला रडू आलं. पण रडायला लागतो तेवढा श्वास नव्हता.

पूल

पुढचं सगळं आरतीनं केलं. तिनं फोनवालीला खरा आकडा सांगितला. पाऊण तासानं नदीपलीकडच्या, दुकानाच्या बाजूच्या एका हॉस्पिटलात एक पलंग मोकळा झाल्याचा फोन आला. अँब्युलन्सला वेळ लागणार होता. चाचांनी गाडी काढली. त्यांना दमा, वय सत्तरीचं, वर रोजा. मी जिन्यातूनच म्हटलं, "चाचा, आप मत चलिए, आपको लग जाएगा।"

"मियाँ, बहस में साँस ख़र्च मत कीजिए," ते म्हणाले. "बैठिए।"

बसलो नाही. फोनवालीनं सांगितलं होतं पालथं झोपवा. मागच्या सीटवर पालथा पडलो, डोकं सुमनच्या मांडीवर. खिडक्या उघड्या होत्या. मला रस्ता दिसला नाही. फक्त पूल आला तेव्हा चाकांचा आवाज बदलला, त्यावरून गोमती ओलांडतोय हे कळलं. मला वाटलं, आपण हा पूल एकाच बाजूनं ओलांडणार.

आरतीला घरीच ठेवलं होतं. चाचींच्या दारात, बाहेर खुर्ची टाकून. निघताना तिच्याकडं नीट बघितलंही नव्हतं. हे मला पुलावर आठवलं.

हॉस्पिटलच्या दारात नाव पुकारायला वेळ लागला. सूर्य बुडाला. चाचांनी खिशातून एक खजूर काढला, बाटलीतलं पाणी प्याले आणि तिथंच गाडीला टेकून रोजा सोडला. दुसरा खजूर सुमनला दिला. तिनं तो खाल्ला नाही, पदराला बांधला. मी घरी आलो तोवर तो तसाच बांधलेला होता.

वॉर्ड

आत गेल्यावर नळी लागली आणि पहिला थंड श्वास गेला. त्याचं वर्णन मला करता येत नाही. तहानलेला माणूस पाणी पितो तसं म्हणेन, पण तेवढंही पुरत नाही.

सिस्टर ऑक्सिजन बघायचं तारेचं मशीन घेऊन आली. माझा हात बघून थांबली. "अंकल, ये क्या? बाल रँगते-रँगते आए हैं क्या?"

मी हातानं पाय दाखवला.

"पाँव में लगाऊँ?"

मान हलवली. तेव्हापासून मी त्या वॉर्डात "पाँववाले अंकल" झालो. पाळी बदलली तरी एक सिस्टर दुसरीला सांगायची, "चार नंबर, पाँववाले।" पाय चादरीबाहेर ठेवून झोपायचं. पंखा थेट पायावर. पण नाव पडलं याचा मला आधार वाटायचा. ज्याला नाव आहे त्याला विसरणार नाहीत, असं आपलं.

दिवस सगळे सारखे. सकाळी रक्त, मग दूध, मग डॉक्टर. ते तोंडावरच्या काचेमागून बोलायचे, अर्धं कळायचं. दुपारी दहा मिनिटं फोन. सुमन एकच प्रश्न विचारायची, "पायाला किती?" त्या दोघींची तपासणी झाली होती. आरतीला काही नव्हतं. सुमनला निघालं होतं, पण तिला नुसती कणकण होती. ती माझ्याजवळ आली म्हणून निघालं, हे दोघांनाही माहीत होतं. ती कधी बोलली नाही.

शेजारच्या पलंगावर मलिहाबादचे एक गृहस्थ होते. आंब्याची बाग. नळी लावलेली असतानाही बागेचंच, बौराचं म्हणजे मोहराचंच बोलायचे. "इस बार बौर अच्छा आया था। अब तोड़ेगा कौन?" माझे हात बघून म्हणाले, "आप भी पेड़वाले हैं? आम की चोपी से हमारे हाथ भी ऐसे हो जाते हैं।" आंब्याच्या चिकानं त्यांचीही बोटं डागाळलेली होती. आम्ही एकमेकांना हात दाखवले. दोन परकी माणसं, पलंगावर पडून, आपापले डाग दाखवतायत.

एका सकाळी मी उठलो तर त्यांचा पलंग रिकामा होता. चादर बदललेली. दुसऱ्या वॉर्डात नेलं असं कुणीतरी म्हणालं. मी जास्त विचारलं नाही. आजही जूनमध्ये निशातगंजच्या कोपऱ्यावर दसहरीच्या गाड्या लागतात, तेव्हा मी आधी विकणाऱ्याचा चेहरा बघतो, मग आंबे.

हिरवी यादी

सतरा दिवसांनी घरी आलो. जिना चढायला तीनदा बसलो. चाचा खालच्या पायरीवर उभे होते. त्यांना काही झालं नव्हतं, देवाची कृपा, नाहीतर ते ओझं मला पेललं नसतं. सुमननं त्यांना घटीची गोष्ट सांगून टाकली होती. ते बराच वेळ हसले, मग गंभीर झाले.

"मियाँ, फ़र्क़ निकालना आपको आता था। ये नहीं देखा कि एक तरफ़ तंदुरुस्त है और दूसरी तरफ़ बीमार। फ़र्क़ बीमारी का था। आपने उँगली के खाते में डाल दिया।"

इतक्या वर्षांच्या शिकवणीनंतरही मुलं अशीच चुकायची, म्हणाले.

आठवड्यानं फोनवालीचा फोन आला. तब्येतीची शेवटची चौकशी. मी म्हटलं, "बिटिया, एक बात है। मैं रोज़ बढ़ा के बताता था।"

"मालूम है अंकल। आरती ने बताया।" मग म्हणाली, "आपका नाम हमारे यहाँ हरी लिस्ट में था। चौरानवे या उससे ऊपर वाले। उनको हम सबसे आख़िर में फ़ोन करते थे। उस दिन भी आपका नंबर शाम को था। मैंने यूँ ही पहले लगा दिया।"

"क्यों?"

"पता नहीं अंकल। एक दिन पहले आप हँसे नहीं थे।"

फोन ठेवून मी मशीनची डबी हातात घेतली. त्या पोरीसमोर सगळ्या शहराच्या घराघरातून आकडे येत होते. कुठं पलंग द्यायचा, कुठं आधी धावायचं, कुठल्या मोहल्ल्यात आजार वाढतोय, हे त्यावरून ठरत होतं. तिला माझी खोली दिसत नव्हती, माझा आकडा दिसत होता. घराघरात बसून माझ्यासारखी माणसं भीतीपोटी आकड्यात मिलावट करत असतील तर त्या सगळ्या ढिगाचा कस काय लागणार? ती डबी माझ्या एकट्यासाठी नव्हती हे मला तेव्हा कळलं. डबी खरंच बोलत होती. मधे मी होतो.

त्या महिन्यात माझ्या नखांच्या मुळाशी गुलाबी चंद्रकोर दिसायला लागली. तेजाब नव्हतं ना. अर्धं नख काळं, अर्धं लेकराचं असतं तसं. दुकान उघडल्यावर महिन्याभरात सगळी परत काळी झाली. आता हातमोजे घालतो, कधी विसरतो.

फिकट रेघ

ज्यांच्या घरी हा किंवा असला दुसरा आजार येईल त्यांना एवढंच सांगतो, मशीन चुकू शकतं. चुकतंय असं वाटलं तर दुसऱ्या बोटाला लावा, पायाला लावा, दुसऱ्याचं मशीन आणा. पण घरच्या घरी घट धरू नका. आणि हे मी पूर्ण शहाणा होऊन सांगतोय असं समजू नका. पुढच्याच थंडीत परत पाळी आली.

तोवर घरी तपासायचे किट दुकानात मिळायला लागले होते. माझा घसा दुखत होता. आरतीनं सूचना वाचल्या, मीच नाकात काडी फिरवली, थेंब टाकले. पंधरा मिनिटं आम्ही तिघं त्या पांढऱ्या पट्टीकडं बघत बसलो. एक रेघ ठळक आली. दुसरी आली, पण इतकी फिकट की आहे म्हटलं तर आहे.

लगेच मन चालू झालं. फिकट आहे. इतक्या फिकट रेघेला काय अर्थ. दुकानात दोन गिऱ्हाइकांचा माल पडलाय, संध्याकाळी द्यायचाय.

तोंड उघडलं तेवढ्यात सुमन म्हणाली, "किती वजा करताय?"

मी तोंड मिटलं. आरतीनं पट्टीचा फोटो काढला, मोबाइलवर सरकारी ॲपमध्ये 'पॉझिटिव्ह' भरलं. मी दोन्ही गिऱ्हाइकांना फोन करून माल मिळणार नाही म्हणून सांगितलं, आणि गल्लीतल्या तिघांना सांगितलं की काल माझ्याजवळ बसला होतात, तपासून घ्या. एकानं शिवी दिली. एकाचं निघालं. त्याच्या घरी म्हातारी आई होती, तो वेळेवर वेगळा झोपला.

मधल्या दाराला परत साडी बांधली. तीच साडी.

संध्याकाळी फोन आला. दुसरीच मुलगी होती, अगदी नवी. "अंकल, ऑक्सीजन बताइए।"

मी सुमनकडं बघितलं. तिनं आधीच डबी उघडली होती. "पाय पुढं करा," ती म्हणाली.

रेषा हलल्या. आकडा आला. मला आवडला नाही, अजून दोन जास्त हवे होते.

"पंचानवे," मी म्हणालो.

"पक्का, अंकल?"

"पक्का, बिटिया। पाँव से लिया है।"